लिपिडच्या एका रेणूला किती जागा लागते: पृष्ठभाग, पाणी, काच (प्रकल्प नोंदी)

४ नोव्हेंबर

लिपिड (पाणी धरणारे डोके आणि तेलकट शेपट्या असलेला रेणू) तीन ठिकाणी बघायचे आहे: हवा आणि पाण्याच्या सीमेवर एकपदरी थर म्हणून, पाण्याच्या पोटात पुटिका (पडदा मिटून झालेली पोकळ पिशवी) म्हणून आणि काचेवर टेकलेला दुपदरी पडदा म्हणून. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच, एका रेणूच्या वाट्याला किती क्षेत्रफळ येते? हा आकडा पक्का असला की किती लिपिड घालायचे, काचेवर किती वजन बसले पाहिजे, हे आधीच कागदावर काढता येते. मोजमाप हिशेबाशी जुळले नाही तर चूक कुठे शोधायची तेही कळते.

साहित्य: पृष्ठभागासाठी डीपीपीसी हे लिपिड (रेणुभार ७३४, संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर घट्ट लिपिड प्रवाही होते, ४१ अंश सेल्सियस). पुटिका आणि काचेसाठी पीओपीसी, दुसरे लिपिड (रेणुभार ७६०, संक्रमण तापमान सुमारे उणे २ अंश). खोलीच्या तापमानाला पीओपीसी प्रवाही असते, त्यामुळे काहीही तापवावे लागत नाही. तुलनेसाठी एसडीएस, म्हणजे एकच शेपूट असलेला साबणासारखा रेणू.

लिपिडची मूळ द्रावणे क्लोरोफॉर्ममध्ये, काचेच्या कुपीत, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाखाली, वर आर्गॉन सोडून उणे २० अंशांवर. क्लोरोफॉर्मला प्लास्टिकचे टोक, प्लास्टिकची नळी किंवा मेणाची पट्टी लागू द्यायची नाही. प्लास्टिकमधली मऊकारक द्रव्ये विरघळून लिपिडसोबत येतात आणि तीही पृष्ठभागावरच जाऊन बसतात. फक्त काचेची सूक्ष्म सिरिंज.

५ नोव्हेंबर

द्रोणी (उथळ भांडे, सरकपट्ट्या ढकलून यातल्या पाण्याचा पृष्ठभाग दाबता येतो) धुतली. टेफ्लॉनची, पूर्ण उघडी असताना २४० चौरस सेंटिमीटर. क्लोरोफॉर्मने पुसणे, मग इथेनॉल, मग शुद्ध पाण्याने दहा वेळा खळबळणे. पुसायला धागे न सोडणारे कापड. सरकपट्ट्याही याच क्रमाने. या कोपऱ्यात साबण आणायचा नाही, एसडीएसची बाटली वेगळ्या टेबलावर.

पृष्ठदाब (थरामुळे पाण्याचा पृष्ठताण जेवढा घटतो तेवढा) मोजायला गाळणकागदाची पट्टी, १० मिलिमीटर रुंद. प्लॅटिनमपेक्षा कागद बरा, कारण तो पूर्ण भिजतो आणि स्पर्शकोन (पाणी पट्टीला ज्या कोनात टेकते तो) शून्य राहतो. प्लॅटिनमवर लिपिड चढले की स्पर्शकोन वाढतो आणि दाब खोटा दिसतो. कागद पाण्यात २० मिनिटे भिजू दिल्याशिवाय शून्य लावायचे नाही. कागद पाणी शोषतो तोवर आकडा सरकत राहतो.

इथून पुढे दाबाचे आणि ताणाचे सगळे आकडे मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये.

६ नोव्हेंबर

लिपिड न घालता नुसते पाणी दाबून पाहिले. पट्ट्या पूर्ण जवळ आणल्यावर दाब ०.२ च्या आत राहायला हवा. १.४ दिसला. वरचा थर पिपेटच्या टोकाने, निर्वात पंप लावून, ओढून घेतला आणि पुन्हा दाबले: ०.९. तिसऱ्यांदा ०.६. दर वेळी कमी होतो, पण दहा मिनिटे थांबले की परत वर चढतो. म्हणजे मळ वरून पडलेला नाही, पाण्यातूनच वर येतो आहे.

कारण पाण्याच्या डब्यात निघाले. शुद्धीकरण यंत्रातले पाणी प्लास्टिकच्या डब्यात रात्रभर साठवले होते. यंत्रातून थेट काचेच्या चंबूत घेतलेल्या पाण्याने दाब ०.१. विद्युतरोध १८.२ मेगओम-सेंटिमीटर आहे म्हणून पाणी स्वच्छ, असे धरता येत नाही. तो आकडा आयनांबद्दल सांगतो. तेलकट, भाररहित रेणूंबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि आपल्याला त्रास त्यांचाच.

८ नोव्हेंबर

पहिला समताप वक्र (तापमान स्थिर ठेवून, जागा कमी करत मोजलेला दाब), डीपीपीसी, २२ अंश.

किती घालायचे याचा हिशेब: २४० चौ. सेंमी म्हणजे २.४ × १०^१६ चौ. नॅनोमीटर. सुरुवातीला रेणूमागे १.१ चौ. नॅमी हवे, म्हणजे २.१८ × १०^१६ रेणू, ३६ नॅनोमोल, सुमारे २६.६ मायक्रोग्रॅम. द्रावण १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असल्याने २६.६ मायक्रोलिटर. सुई पाण्यात बुडवायची नाही. टोकाला थेंब लोंबू द्यायचा आणि पृष्ठभागाला अलगद टेकवायचा, दर वेळी वेगळ्या जागी. उंचावरून थेंब पडला तर थोडे लिपिड पाण्याखाली जाते आणि हिशेबातून हरवते. क्लोरोफॉर्म उडायला १५ मिनिटे. दाबण्याचा वेग मिनिटाला १० चौ. सेंमी.

वक्राचा आकार जसा हवा तसाच आला. आधी लांबलचक जवळजवळ शून्य, मग हळू चढ (शेपट्या वेड्यावाकड्या, थर प्रवाही), मग ५ च्या आसपास एक आडवे पठार आणि त्यानंतर उभा चढ. पठारावर प्रवाही आणि घट्ट अशा दोन्ही अवस्था शेजारीशेजारी नांदतात. जागा कमी केली तरी दाब वाढत नाही, कारण रेणू प्रवाही अवस्थेतून घट्ट अवस्थेत जात राहतात. सगळे घट्ट झाले की मगच दाब चढतो. शेवटी ७० च्या वर जाऊन थर मोडला. पाण्याचा स्वतःचा पृष्ठताण या तापमानाला ७२.४, म्हणजे थराने तो जवळजवळ शून्यावर आणला होता. फुफ्फुसातल्या वायुकोशांना आतून मढवणाऱ्या स्तरात डीपीपीसीच सर्वांत जास्त का असते, ते या उभ्या चढात दिसते. श्वास सोडताना कोश आक्रसतो, थर दाबला जातो, ताण कोसळतो आणि कोश मिटत नाही.

३० दाबाला रेणूमागे क्षेत्रफळ ०.५१ चौ. नॅमी. हे जास्त आहे. ०.४७ ते ०.४८ यायला हवे.

११ नोव्हेंबर

०.५१ चा उलगडा. वक्राचा आकार बरोबर, पठार जागच्या जागी, फक्त सगळा वक्र उजवीकडे सरकलेला. तापमान चुकले असते तर पठाराची उंची बदलली असती. मळ असता तर सुरुवातीचा सपाट भाग वर उचलला गेला असता. पट्ट्यांखालून गळती असती तर वक्र डावीकडे सरकला असता. नुसता उजवीकडे सरकला, याचा अर्थ पृष्ठभागावर धरल्यापेक्षा ७ टक्के जास्त रेणू आहेत.

कुपी तीन दिवसांत अनेकदा उघडली होती आणि क्लोरोफॉर्म उडून द्रावण दाट झाले होते. नवीन द्रावण, त्याच दिवशी, लिपिड तोलून आणि क्लोरोफॉर्मही तोलून (घनता २० अंशांना १.४९): ३० दाबाला ०.४७५. यापुढे प्रत्येक कुपीवर झाकणासकट वजन लिहायचे, काढण्याआधी आणि ठेवताना. वजन घटले असेल तर तेवढे क्लोरोफॉर्म परत घालायचे.

०.४७५ हा आकडा अर्थपूर्ण आहे. दोन सरळ शेपट्यांचा छेद मिळून सुमारे ०.४० चौ. नॅमी, पण कोलीनचे डोके त्याहून रुंद. डोक्यांना जागा द्यायची तर शेपट्यांनी तिरके व्हायला हवे, आणि त्या सुमारे ३० अंश कलतातही.

१३ नोव्हेंबर

तापमानाची तपासणी. २५ अंशांवर पठार ५ वरून ८ च्या पुढे. दर अंशाला सव्वा ते दीड एवढी वाढ. त्यामुळे द्रोणीखालून फिरणारे पाणी पाव अंशाच्या आत स्थिर नसेल तर दोन दिवसांचे वक्र एकमेकांवर ठेवून बघू नयेत. तापमान द्रोणीतल्या पाण्यात मोजायचे, बाहेरच्या टाकीत नाही. दोन्हीत दीड अंशाचा फरक निघाला.

सरकपट्टी ढकलून पृष्ठभाग दाबण्याची ही युक्ती ॲग्नेस पॉकेल्स यांची. घरच्या स्वयंपाकघरात केलेली त्यांची मोजमापे भौतिकशास्त्रज्ञ रेले यांनी १८९१ मध्ये ‘नेचर’कडे पाठवून छापवली. मळलेला पृष्ठभाग पट्टीने झाडून काढायची पद्धतही त्याच कामातली, आणि ती आपण या आठवड्यात रोज वापरतो आहोत.

१८ नोव्हेंबर

एसडीएस, २५ अंश. पृष्ठताण आणि वाहकता दोन्ही मोजले.

वाहकतेचा उतार ८.२ मिलिमोलरला बदलला. ही मिसेल (शेपट्या आत, डोकी बाहेर असे रेणूंचे गोळे) बनू लागण्याची सीमा. पृष्ठताणाच्या वक्रात मात्र त्याच्या थोडे आधी खड्डा दिसतो: ताण खाली जातो, मग थोडा वर येऊन स्थिरावतो. शुद्ध पदार्थात असा खड्डा पडत नाही. एसडीएस पाण्यात हळूहळू फुटून डोडेकॅनॉल तयार होते. ते पृष्ठभागावर जास्त हट्टाने बसते आणि मिसेल तयार झाली की त्यांच्या पोटात शिरते, म्हणून ताण परत वर जातो. इथेनॉलमधून दोनदा स्फटिक करून घेतल्यावर खड्डा गेला आणि ताण ३८ च्या आसपास सपाट राहिला. द्रावण रोज ताजे. आठवड्याचे द्रावण पुन्हा खड्डा दाखवते.

वक्राच्या उतारावरून रेणूमागचे क्षेत्रफळ काढताना एक सापळा आहे. एसडीएससोबत सोडियमही पृष्ठभागाशी येतो, म्हणून गिब्जच्या समीकरणात (उतारावरून पृष्ठभागावरचे रेणू काढायचे सूत्र) २ चा गुणक लागतो. तो विसरला तर ०.२६ चौ. नॅमी निघते, आणि एका शेपटीच्या छेदापेक्षा मोठे असल्याने खरेही वाटते. गुणकासह ०.५२. पाण्यात भरपूर मीठ (१०० मिलिमोलर) असेल तर मात्र गुणक १ घ्यायचा. मिठाने मिसेलची सीमाही दीड मिलिमोलरच्या आसपास उतरते.

पोटॅशियम असलेले बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) एसडीएसला चालत नाही. पोटॅशियम क्षार खोलीच्या तापमानाला नीट विरघळत नाही, पांढरा साका बसतो.

२० नोव्हेंबर

कागदावरचे काम. एसडीएस गोळे करते आणि लिपिड चादरी, हे क्षेत्रफळावरूनच काढता येते. शेपटीचे आकारमान भागिले (डोक्याचे क्षेत्रफळ × शेपटीची पूर्ण लांबी).

एसडीएस, १२ कार्बन: आकारमान ०.३५ घन नॅमी, लांबी १.६७ नॅमी. मिसेलवर डोक्याची जागा पृष्ठभागापेक्षा थोडी सैल, ०.६ धरली तर उत्तर ०.३५. एक तृतीयांशाच्या जवळ म्हणजे रेणू शंकूसारखा आणि रचना गोल. दोन शेपट्यांच्या लिपिडमध्ये आकारमान दुप्पट होते, लांबी तेवढीच राहते. प्रवाही डीपीपीसीला ०.८६ भागिले (०.६४ × २.०५), म्हणजे ०.६६. अर्ध्या ते एकच्या मध्ये पडले की दुपदरी चादर, आणि चादरीच्या कडा उघड्या राहू नयेत म्हणून ती मिटून पुटिका होते.

दुसरी शेपूट विद्राव्यताही पार बदलते. एसडीएसची सीमा ८ मिलिमोलर, डीपीपीसीची सुमारे ०.४६ नॅनोमोलर. कोटीपटीहून जास्त फरक. म्हणूनच एसडीएस पृष्ठभागावर घातले तर विरघळून निघून जाते, आणि डीपीपीसी तासनतास जागेवर राहून द्रोणीत दाबता येते. पडदा पाण्याने धुतला तरी विरघळत नाही, त्याचे कारणही हेच.

२५ नोव्हेंबर

पुटिका. पीओपीसी १० मिलिग्रॅम, त्यात ०.५ मोल टक्के एनबीडी हा चकाकणारा रंग लावलेले लिपिड (पुढे प्रकाशविरंजनासाठी, म्हणजे एक गोल प्रकाशाने जाळून तिथे चकाकी परत येते का ते बघण्यासाठी). गोल बुडाच्या चंबूत क्लोरोफॉर्म फिरवत उडवला. बुडाशी गोळा न होता पातळ, एकसारखा थर बसला पाहिजे. मग निर्वातात चार तास. राहिलेला क्लोरोफॉर्म वासाने कळत नाही, पण पडदा सैल करतो. त्यामुळे इथे घाई नाही.

बफर: हेपेस १० मिलिमोलर, मीठ १५० मिलिमोलर, सामू ७.४. दोन मिलिलिटर घालून थर हलवून सोडवला. द्रावण दुधासारखे. द्रव नायट्रोजन आणि ४० अंशांचे पाणी, गोठवणे-वितळवणे दहा वेळा. यामुळे कांद्यासारख्या एकात एक बसलेल्या पुटिका फुटून एकाच दुपदरी पडद्याच्या होतात. हे सोडले तर पुढे काचेवर त्रास होतो.

मग १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पटलातून २१ वेळा. संख्या विषमच हवी, म्हणजे शेवटचा नमुना पलीकडच्या सिरिंजमध्ये येतो आणि न गाळलेले मोठे गोळे अलीकडे राहतात. पटल आणि आधाराच्या चकत्या आधी बफरने भिजवायच्या. हवेचा बुडबुडा अडकला तर एका बाजूने जोर जाऊन पटल फाटते. फाटले की दट्ट्या एकदम हलका होतो आणि द्रावण दुधाळच राहते. नीट झाले की द्रावण निळसर झाक असलेले, आरपार दिसणारे होते. असाच प्रयोग डीपीपीसीवर करायचा तर सगळे उपकरण ५० अंशांच्या वर. ४१ अंशांखाली लिपिड घट्ट असते, छिद्रातून वाकून जात नाही, पटल तुंबते.

२६ नोव्हेंबर

प्रकाश-विकिरणाने आकार: सरासरी व्यास ११८ नॅमी, विखुरण निर्देशांक (आकार किती वेगवेगळे आहेत त्याचे माप) ०.०७. छिद्र १०० चे असूनही पुटिका थोड्या मोठ्या येतात, कारण त्या लांबट होऊन छिद्रातून जातात. नमुना १०० पट पातळ केला, बफर ०.२ मायक्रोमीटर गाळणीतून. विकिरण व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, त्यामुळे धुळीचा एखादा कण हजारो पुटिकांना झाकून टाकतो.

१०० नॅमीच्या पुटिकेत किती रेणू? बाहेरचे क्षेत्रफळ ३१,४०० चौ. नॅमी. पडदा ३.९ नॅमी जाड, म्हणून आतले सुमारे २६,७००. रेणूमागे ०.६४ धरल्यास साधारण ९०,०००.

गाळताना पटलावर आणि सिरिंजमध्ये थोडे लिपिड राहतेच. म्हणून गाळल्यावर फॉस्फरस मोजून खरी संहती काढली. तोललेला आकडा पुढे वापरायचा नाही.

२ डिसेंबर

काच. २५ मिलिमीटरची गोल पातळ काच, दोन टक्के निर्मलकात उकळी येण्याआधीपर्यंत तापवून, पाण्याने वीस वेळा धुऊन, नायट्रोजनने वाळवून, अतिनील-ओझोनमध्ये ३० मिनिटे. पाण्याचा थेंब पसरून सपाट झाला पाहिजे. तासाभरात वापरायची. काच हवेत ठेवली की हवेतली तेलकट द्रव्ये बसतात आणि स्पर्शकोन वाढू लागतो.

लागणारे लिपिड: काचेचे क्षेत्रफळ ४.९ चौ. सेंमी, दोन पदर, रेणूमागे ०.६४. म्हणजे २.५५ नॅनोमोल, १.९ मायक्रोग्रॅम. घालतो आहोत अर्धा मिलिलिटर, ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे पन्नासपट. इतके जास्त लागते कारण पुटिकांना काचेपर्यंत विसरणाने पोचायचे असते आणि त्या दाटीने बसल्यावरच फुटतात.

३ डिसेंबर

पहिली काच वाया. सूक्ष्मदर्शकाखाली चकाकी एकसारखी दिसते, पण प्रकाशाने जाळलेला गोल दहा मिनिटांनीही काळाच. पुटिका न फुटता तशाच चिकटून बसल्या आहेत. प्रत्येकीतले लिपिड आपापल्या कोंडीत, शेजारीण कितीही जवळ असली तरी रंग पलीकडे जात नाही. चकाकी एकसारखी म्हणजे पडदा सलग, असे मानू नये. सूक्ष्मदर्शकाला १०० नॅमी वेगळे दिसत नाहीत.

काच ओझोननंतर पाच तास पडून होती.

५ डिसेंबर

ताजी काच आणि बफरमध्ये २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. (फॉस्फेट बफर असते तर कॅल्शियमचा साका पडला असता, म्हणून हेपेस.) ३० मिनिटे, मग दहा वेळा धुणे, पण काच एकदाही पाण्याबाहेर न काढता.

जाळलेला गोल १० मायक्रोमीटर त्रिज्येचा, निम्मी चकाकी ९ सेकंदांत परत. विसरणांक (लिपिड पडद्यात किती वेगाने पसरते त्याचे माप) = ०.२२४ × त्रिज्येचा वर्ग ÷ निम्म्याचा काळ, म्हणजे २.५ चौ. मायक्रोमीटर प्रति सेकंद. चकाकी ९७ टक्क्यांपर्यंत भरून आली. पडदा सलग आहे.

एक काच मुद्दाम बाहेर काढून परत बुडवली. पडदा गेला, ठिपके उरले. पडद्याच्या वरच्या पदराची डोकी पाण्याकडे असतात. हवेत आल्यावर त्यांच्यासमोर पाणीच राहत नाही, आणि काच पृष्ठभाग ओलांडते त्या क्षणी लिपिड सोलून द्रोणीतल्यासारखे पाण्यावर पसरते. हे बघताना पहिल्या आठवड्याचे आणि आजचे काम एकच असल्याचे स्वच्छ दिसते.

९ डिसेंबर

क्वार्ट्झ स्फटिक-तराजू (वजन बसले की कंपनाची वारंवारता घटते), सिलिकाचा थर, ५ मेगाहर्ट्झ. वारंवारता आधी उणे ६० च्या जवळ गेली, मग वर येऊन उणे २६ हर्ट्झवर थांबली. आधीचा खड्डा म्हणजे पोटात पाणी घेऊन बसलेल्या पुटिका. त्या फुटल्या, पाणी सुटले, वजन घटले. ऊर्जाक्षय (कंपन किती लवकर विरते) शेवटी जवळजवळ शून्य, म्हणजे थर पातळ आणि ताठ.

हर्ट्झमागे १७.७ धरून २६ × १७.७ = ४६० नॅनोग्रॅम प्रति चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या हिशेबाने नुसते लिपिड ३९४. उरलेले ६६ पडदा आणि काचेमध्ये अडकलेल्या आणि डोक्यांना धरून असलेल्या पाण्याचे. तराजू कोरडे लिपिड मोजत नाही, सोबत हलणारे सगळे मोजतो. सोन्याच्या स्फटिकावर हाच नमुना फुटत नाही: वारंवारता खोल जाऊन तिथेच राहते आणि ऊर्जाक्षय मोठा.

१३ डिसेंबर

पीओपीसीत ३० मोल टक्के कोलेस्टेरॉल, द्रोणीत. ३० दाबाला पीओपीसी ०.६५, कोलेस्टेरॉल ०.३८. नुसती सरासरी ०.५७ येते, मोजले तर ०.५२. कोलेस्टेरॉलची ताठ कडी शेजारच्या शेपट्यांना सरळ करते, त्यामुळे मिश्रणाला दोघांच्या बेरजेपेक्षा कमी जागा पुरते. ही क्षेत्रफळे मिसळली की बेरजेने जुळत नाहीत.

काचेवर याचा परिणाम: सरासरी रेणुभार ६४८. ०.५२ धरून दुपदरी पडद्याचे वजन ४१४ नॅनोग्रॅम प्रति चौ. सेंमी, ०.५७ धरून ३७८. फरक ३६, म्हणजे २ हर्ट्झ. तराजूला २ हर्ट्झ सहज दिसतात, पण खालच्या पाण्याचा थर किती, हे कोलेस्टेरॉल असताना वेगळे मोजलेले नाही. ६६ चा आकडा तसाच उचलून चालणार नाही. पुढच्या खेपेला साधे आणि जड पाणी आलटून पालटून सोडायचे आणि वारंवारतेतल्या फरकावरून पाण्याचा वाटा वेगळा काढायचा.